एका वेतातील पिल्लांची संख्या : चिंचिला व अन्य लहान सस्तन प्राण्यांच्या प्रजननाचे विवेचन

बीजसंज्ञा : चिंचिला, कृंतक गण, वेत, गर्भावधी, स्वावलंबी व परावलंबी पिल्ले, संवर्धन

प्रस्तावना :

सस्तन प्राण्यांचे प्रजनन शिकविताना 'शरीर जेवढे लहान, पिल्ले तेवढी अधिक' हे सूत्र वर्गात सहजगत्या सांगितले जाते. हत्तीण सुमारे बावीस महिने गर्भ वाहते व बहुधा एकच पिल्लू देते. घरातील लहान उंदराची मादी मात्र १९ ते २१ दिवसांत पाच ते आठ पिल्लांना जन्म देते. या दोन टोकांकडे पाहिले असता सूत्र बिनचूक वाटते. तथापि टोके सोडून एक किलोपेक्षा कमी वजनाच्या प्राण्यांची आपापसांत तुलना करू लागताच ते डळमळते. अर्धा किलो वजनाची चिंचिला एका वेतात बहुधा दोनच पिल्ले देते. तिच्याहून फारशी लहान नसलेली तपकिरी उंदराची मादी आठ ते दहा देते. आणि पन्नास ग्रॅमदेखील न भरणारे फळाहारी वटवाघूळ एका वेळी एकच पिल्लू देते. शरीराचा आकार येथे काहीच उलगडून दाखवीत नाही.

हा प्रश्न केवळ पाठ्यपुस्तकापुरता नाही. लहान केसाळ प्राणी म्हणजे न संपणारा साठा, अशा थाटात दक्षिण अमेरिकेत चिंचिलाची शिकार झाली आणि पाऊणशे-शंभर वर्षांत हा प्राणी नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आला. भारतातही फळाहारी वटवाघूळ आणि उंदीर यांना कायद्याने अनेक दशके एकाच अनुसूचीत बसविले होते. एका वेतातील पिल्लांची संख्या कशावरून ठरते आणि ती कशी वाचावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

चिंचिलाचे प्रजनन :

चिंचिला हा कृंतक गणातील, अँडीज पर्वतराजीत राहणारा निशाचर प्राणी होय. त्याच्या दोन जाती मानल्या जातात : लांब शेपटीची व आखूड शेपटीची. पैकी लांब शेपटीची जात आज निसर्गात केवळ चिली देशात आढळते. पाळीव व प्रयोगशाळेतील चिंचिला प्रामुख्याने याच जातीच्या आहेत. (मानवी श्रवणाशी मिळतीजुळती श्रवणकक्षा असल्यामुळे कानाच्या संशोधनात हा प्राणी फार वापरला गेला आहे.) मादी नरापेक्षा आकाराने मोठी असते. ऋतुचक्र सुमारे चाळीस दिवसांचे असते आणि दोन माजांच्या मधल्या काळात योनिमुख पातळ पडद्याने बंद राहते.

गर्भावधी सुमारे १११ दिवसांचा. अर्धा किलोच्या प्राण्यासाठी हा काळ विलक्षण दीर्घ आहे. एका वेतात एक ते सहा पिल्ले होऊ शकतात, परंतु दोन हीच नेहमीची संख्या होय. जन्मतः पिल्लाचे वजन ३५ ते ५० ग्रॅम असते. डोळे उघडे, अंगावर पूर्ण लव, दात आलेले, आणि अंग वाळताच ते हिंडूफिरू लागते. आईचे दूध सहा ते आठ आठवड्यांनी सुटते. प्रजननक्षम होण्यास साधारणतः आठ महिने लागतात. व्याल्यानंतर लगेच मादी पुन्हा माजावर येत असल्याने वर्षातून तीन वेते अशक्य नाहीत, पण पाळीव स्थितीतही दोनच सर्वसामान्य. दक्षिण गोलार्धात प्रजननाचा हंगाम मे ते नोव्हेंबर असा मर्यादित असतो. याउलट आयुष्य लांब : पिंजऱ्यात वीस वर्षांपर्यंत जगलेल्या चिंचिला आहेत. तपकिरी उंदीर दोन-तीन वर्षांच्या पुढे क्वचितच जातो.

कालगणनेच्या दृष्टीने ही तुलना अधिक बोलकी ठरते. समजा, चिंचिलाची एक मादी व तपकिरी उंदराची एक मादी एकाच दिवशी गाभण राहिली. बाविसाव्या दिवशी उंदरीण व्याली. तिच्या माद्या-पिल्ली अनुकूल परिस्थितीत सुमारे साठ दिवसांच्या होताच गाभण राहू शकतात, आणि आणखी बावीस दिवसांनी त्या वितात. म्हणजे १०४ व्या दिवशी उंदरीण आजी झालेली असते. चिंचिलाच्या पहिल्या बाळंतपणाला अजून एक आठवडा बाकी असतो.

वेताचा हिशेब :

यावरून उंदरीण अधिक 'खर्च' करते असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो तपासून पाहावा. उंदराच्या पिल्लाचे जन्मवजन ५ ते ६ ग्रॅम. सहा ग्रॅमची नऊ पिल्ले धरली तर वेताचे एकूण वजन ५४ ग्रॅम, म्हणजे ३०० ग्रॅमच्या आईच्या वजनाच्या १८ टक्के. चिंचिलाची ४५ ग्रॅमची दोन पिल्ले धरल्यास ९० ग्रॅम. ५०० ग्रॅमच्या आईच्या तुलनेत तेही १८ टक्केच. आकडे सर्वसाधारण आहेत, त्यामुळे दोन्ही टक्केवारी तंतोतंत जुळावी यात योगायोगाचा भाग आहे. तरीही मुद्दा राहतोच. जन्माच्या क्षणी दोन्ही मातांनी आपल्या देहाचा जवळपास सारखाच वाटा पुढच्या पिढीला दिलेला असतो. एकीने त्याचे नऊ भाग केले, दुसरीने दोन.

भाग किती करावेत, हे पिल्लू कोणत्या अवस्थेत जगात येणार यावर बरेचसे अवलंबून असते. उंदराची पिल्ले उघडी, आंधळी, स्वतःचे तापमानही राखू न शकणारी असतात. त्यांना येथे परावलंबी म्हटले आहे. डोळे उघडण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, आणि बिळातील ऊबदार घरटे हाच तोवर त्यांचा दुसरा गर्भाशय असतो. चिंचिलाची पिल्ले स्वावलंबी असतात. खडकांच्या कपारीत, रात्री कडाक्याची थंडी पडणाऱ्या कोरड्या डोंगरउतारावर लवेविना जन्मलेले पिल्लू किती तग धरील, हा प्रश्नच आहे.

मात्र सगळे श्रेय हवामानाला देणे योग्य होणार नाही. वंशपरंपरेचा वाटाही मोठा आहे. चिंचिला ज्या दक्षिण अमेरिकी कृंतक शाखेतील आहे, तिच्यात दीर्घ गर्भावधी व स्वावलंबी पिल्ले हा जवळजवळ कुलाचार आहे. गिनीपिग हे त्याचे परिचित उदाहरण. त्याचा गर्भावधी ५९ ते ७२ दिवस, वेतात बहुधा तीन-चार पिल्ले, प्रत्येकाचे वजन ७० ते १०० ग्रॅम; म्हणजे वेताचे वजन आईच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या घरात जाते. एवढी मोठी पिल्ले जन्ममार्गातून बाहेर पडावीत म्हणून प्रसूतीपूर्वी मादीच्या जघनास्थींचा सांधा सैल होऊन विलग होतो. हे घडवून आणणाऱ्या रिलॅक्सिन या संप्रेरकाचा शोध फ्रेडरिक हिसॉ यांना १९२६ मध्ये गिनीपिगवरील प्रयोगांतूनच लागला. मादी सहा-आठ महिन्यांची होईपर्यंत एकदाही व्याली नाही तर हा सांधा घट्ट होतो आणि पुढील पहिली प्रसूती जिवावर बेतू शकते. प्रयोगशाळेत गिनीपिग पाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावयास हवे. उंदरांच्या सवयीने गिनीपिग सांभाळू गेल्यास नेमकी येथे चूक होते.

सह्याद्रीत सर्वत्र आढळणारे साळिंदर याच विस्तृत कुळाच्या जुन्या जगातील शाखेचे आहे, आणि त्याचीही पिल्ले थोडी व उघड्या डोळ्यांची असतात. हाच भेद कृंतक गणाबाहेरही दिसतो. मराठीत आपण दोघांनाही 'ससा' म्हणतो, पण पाळीव ससा सुमारे ३१ दिवसांत घरट्यात उघडी-आंधळी पिल्ले देतो, तर माळरानावरचा रानससा सहा आठवड्यांच्या आसपास गर्भ वाहून लव आलेली, डोळे उघडे असलेली एक ते चार पिल्ले उघड्यावर टाकतो.

स्तनाग्रे आणि वेत :

वेताची वरची मर्यादा दुधावर ठरते, हे पशुपालकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९८६ मध्ये ॲव्हरी गिल्बर्ट यांनी कृंतक प्राण्यांच्या अनेक जातींची माहिती एकत्र करून दाखवून दिले की, वेतातील पिल्लांची सरासरी संख्या स्तनाग्रांच्या संख्येच्या सुमारे निम्मी असते आणि कमाल संख्या स्तनाग्रांइतकी. याला 'अर्ध्याचा नियम' म्हणतात. तपकिरी उंदरीण बारा स्तनाग्रे बाळगते, लहान घरउंदराची मादी दहा. चिंचिलाला तीन जोड्या असतात. कमाल सहा पिल्ले ही गोष्ट नियमात बसते. सरासरी मात्र तीनऐवजी दोनवरच थांबते.

अपवाद अधिक शिकविणारे आहेत. गिनीपिगला केवळ दोन स्तनाग्रे असूनही तो तीन-चार पिल्ले देतो, कारण ती पिल्ले पहिल्या काही दिवसांतच घन आहार कुरतडू लागतात. पूर्व आफ्रिकेतील भूमिगत राहणारा केशहीन मोल-रॅट तर नियम पार मोडतो. त्याच्या वसाहतीत एकच राणी विते. सरासरी वेत अकराच्या आसपास, म्हणजे जवळजवळ स्तनाग्रांइतकेच, आणि कमाल २८. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या शर्मन, ब्रॉड व जार्विस यांच्या अभ्यासात याचा उलगडा आहे. राणीला अन्न आणून देणारे व तिचे रक्षण करणारे अनेक कामकरी असतात. पिल्ले पाळीपाळीने दूध पितात. आईच्या वाट्याचे कष्ट वसाहतीने उचलले की वेत वाढते.

वेताचा आकार कमाल नव्हे तर इष्टतम असतो, हा विचार डेव्हिड लॅक यांनी प्रथम पक्ष्यांच्या अंड्यांबाबत मांडला व १९४८ मध्ये सस्तन प्राण्यांना लावला. ज्या संख्येतून सर्वाधिक पिल्ले तग धरून मोठी होतात, ती संख्या निसर्गनिवडीत टिकते. ही मांडणी पुढे बरीच दुरुस्त झाली, कारण आजच्या वेताचा भार मातेच्या उद्याच्या वेतावरही पडतो. दीर्घायुषी चिंचिलाच्या बाबतीत हा 'उद्या' महत्त्वाचा आहे. वर्षभरात मरण्याचीच शक्यता अधिक असलेल्या उंदरिणीला उद्यासाठी राखून ठेवण्यात फारसा लाभ नाही.

मोजणी नेमकी केव्हा ?

'वेतात किती ?' या प्रश्नाला एकच उत्तर नसते. मोजणी कोणत्या टप्प्यावर केली यावर ते बदलते. याचे सर्वांत विस्मयकारक उदाहरण चिंचिलाच्याच कुटुंबातील आहे. अर्जेंटिनाच्या सपाट प्रदेशात राहणारा विस्काचा हा प्राणी एका ऋतुचक्रात शेकडो बीजांडे सोडतो. हा आकडा आठशेपर्यंत जातो. सस्तन प्राण्यांत याला तोड नाही. त्यांपैकी जेमतेम सहा-सात गर्भ गर्भाशयात रुजतात, आणि त्यांतीलही गर्भाशयमुखाजवळचे दोनच पूर्ण वाढतात. उरलेले विरघळून जातात. सुमारे पाच महिन्यांनी जन्माला येतात ती दोन पिल्ले. बीजांडे मोजली तर हा जगातील सर्वाधिक प्रसवशील सस्तन प्राणी ठरेल, पिल्ले मोजली तर मंद प्रजननाचा.

उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनिया ओपोसम हीच गाळणी जन्मानंतर लावते. केवळ १२-१३ दिवसांच्या गर्भावधीनंतर वीसहून अधिक पिल्ले जन्मू शकतात, परंतु पिशवीत स्तनाग्रे तेरा. ज्याला स्तनाग्र मिळाले नाही ते जगत नाही. सोनेरी हॅमस्टरची मादी तर काही पिल्ले स्वतःच खाते. पिंजऱ्यातील अस्वस्थतेमुळे घडणारी ही विकृती असावी असे दीर्घकाळ मानले जाई. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत वेतात बाहेरची पिल्ले घातली असता माद्यांनी अधिक पिल्ले खाल्ली, व काढून घेतली असता कमी. वेत सांभाळता येईल एवढे राखण्याचाच तो एक मार्ग होता. माणसाला हे वर्तन निर्घृण वाटते. विस्काचाच्या गर्भाशयात न दिसता घडणाऱ्या गोष्टीहून ते परिणामाच्या दृष्टीने वेगळे नाही.

पाळीव चिंचिलात जन्मापूर्वीची गाळणी मानवाने ओढवून आणली आहे. पांढरा व मखमली काळा या रंगप्रकारांची जनुके दुहेरी मात्रेत घातक असतात. असे दोन सारखे प्राणी जोडीला लावल्यास सुमारे चतुर्थांश गर्भ वाढतच नाहीत. मुळात दोनचे वेत. त्यातून चतुर्थांश वजा झाला की अनेकदा एकच पिल्लू हाती येते.

अकरा प्राण्यांच्या दोन हकिकती :

चिंचिलाच्या एका केसमुळातून साठच्या आसपास केस उगवतात. हीच दाट, रेशमी लव तिच्या मुळावर आली. एका पूर्ण कोटासाठी शंभरावर कातडी लागत. एकोणिसाव्या शतकात चिलीतून लाखोंच्या संख्येने कातडी निर्यात झाली, आणि प्राणी दुर्मीळ होत गेला तशी किंमत वाढून शिकार अधिकच तीव्र झाली. १९१० मध्ये चिली, पेरू, बोलिव्हिया व अर्जेंटिना यांनी शिकार व व्यापार थांबविण्याचा करार केला. चिलीत परिणामकारक कायदा १९२९ मध्ये आला. तोवर फार उशीर झाला होता.

चिलीतील तांब्याच्या खाणीवर काम करणारे अमेरिकन अभियंता मथायस चॅपमन यांनी जिवंत चिंचिला पकडून नेण्याचे ठरविले, तेव्हा अनेक माणसे कामाला लावूनही सुमारे तीन वर्षांत त्यांच्या हाती अवघे अकरा चांगले प्राणी लागले. त्यांना टप्प्याटप्प्याने कमी उंचीवर आणून, वाटेत बर्फाने पिंजरे थंड राखून १९२३ मध्ये ते कॅलिफोर्नियात पोचले. अमेरिकेतील आजच्या बहुतेक सर्व पाळीव चिंचिला या अकरांच्या वंशातील मानल्या जातात.

सात वर्षांनी, १९३० मध्ये, प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी यांना सीरियातील अलेप्पोजवळ शेतात खोदताना सोनेरी हॅमस्टरची एक मादी व तिची अकरा पिल्ले मिळाली. मादीने एक पिल्लू तेथेच मारले, काही पुढे निसटली वा दगावली. उरलेल्या मोजक्या भावंडांपासून वर्षभरात दीडशेच्या आसपास हॅमस्टर झाले. त्यांचा गर्भावधी सोळा दिवसांचा असतो. जगभरच्या प्रयोगशाळांत व घरांत पोचण्यास या वंशाला काही दशकेही पुरेशी ठरली. अकराचा आकडा दोन्हीकडे यावा हा केवळ योगायोग, पण शिक्षकाला वर्गात यापेक्षा चांगली जोडी मिळणे कठीण. संख्येने तुल्य अशा दोन प्रारंभांपैकी एकाला पैदाशीची घाई होती, दुसऱ्याला नव्हती.

निसर्गातील चिंचिलाला मात्र संरक्षणानंतरही पूर्वस्थिती गाठता आलेली नाही. चिलीत इयापेल गावाजवळ १९८३ मध्ये तिच्यासाठी खास राखीव क्षेत्र स्थापन झाले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत दोन्ही जाती आजही संकटग्रस्त आहेत. खाणकाम, शेळ्यांची चराई व जळणासाठी झुडपांची तोड यांमुळे अधिवास आक्रसला. वर्षाला तीन-चार पिल्ले देणाऱ्या व त्यांतील अनेक कोल्ह्या-घुबडांना गमावणाऱ्या प्राण्याची तूट भरून येण्यास दशके लागतात.

भारतीय संदर्भ :

आपल्याकडील लहान सस्तन प्राण्यांतही हीच विविधता आहे. गोदामांत व शेतांत उच्छाद मांडणाऱ्या घुशींचा गर्भावधी तीन आठवड्यांच्या आसपास व वेत मोठे. घरोघरी 'उंदीर' समजून मारली जाणारी चिचुंद्री मुळात कृंतक नाहीच. ती कीटकभक्षक असून सुमारे तीस दिवसांनी बहुधा दोन ते चार पिल्ले देते, आणि ती पिल्ले एकमेकांच्या शेपटीचे मूळ तोंडात धरून आईमागे माळेने चालतात. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू एका वेळी एक-दोन पिल्लांपलीकडे जात नाही.

उंदरांच्या बाबतीत वेगाने पैदास करणाऱ्या प्राण्याचा नियम लागू पडतो : नुसते मारून ते कमी होत नाहीत. बाल्टिमोर शहरात १९४० च्या दशकात डेव्हिड डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, सापळ्यांनी वा विषाने घटलेली संख्या काही महिन्यांत पूर्ववत होते. अन्न व लपण्याच्या जागा कमी केल्या तरच ती टिकाऊपणे उतरते. उरलेल्या उंदरांच्या वाट्याला अधिक अन्न येते आणि वेते पुन्हा भरतात.

वटवाघळाची गोष्ट बरोबर उलट. नागपूरच्या विज्ञान संस्थेत प्रा. ए. गोपालकृष्ण व त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय वटवाघळांच्या प्रजननावर अनेक दशके मूलभूत संशोधन केले; या विषयात विदर्भाचे नाव जगभर आदराने घेतले जाते. ताडमाडांच्या पानांखाली लोंबणारे आखूड नाकाचे फळाहारी वटवाघूळ वर्षातून दोनदा विते, पण प्रत्येक वेळी एकच पिल्लू, आणि ते आईच्या वजनाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याएवढे. वड-पिंपळावर वस्ती करणारे मोठे फळाहारी वटवाघूळ वर्षाला एकाच पिल्लावर थांबते. उडत्या मातेला याहून अधिक भार पेलवत नाही. असे असताना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पाचव्या अनुसूचीत फळाहारी वटवाघळे, उंदीर व कावळे यांची नोंद एकत्रच 'उपद्रवी प्राणी' म्हणून होती. म्हणजे त्यांना मारण्यास परवान्याची गरज नव्हती. फळबागांच्या नुकसानीची तक्रार खरी असली तरी, वेतात आठ पिल्ले देणारा प्राणी व वर्षाला एक देणारा प्राणी यांना एकच वागणूक देण्यास जीवशास्त्रात आधार नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीने ही अनुसूची वगळण्यात आली, आणि १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती अमलात आहे.